'गांजा' या शब्दाचा अर्थप्रवास : गोंदिया परिसर आणि मध्य प्रांताच्या अबकारी इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

शब्दांचा इतिहास हा समाजाच्या इतिहासाचाच एक भाग असतो. एखादी वस्तू शतकानुशतके तीच राहते, परंतु तिच्याकडे पाहण्याची राज्यसंस्थेची, धर्माची आणि बाजाराची दृष्टी बदलली की तिच्या नावाचा अर्थही बदलतो. 'गांजा' हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. आज मराठी वृत्तपत्रात हा शब्द बहुधा 'जप्त', 'तस्करी', 'छापा' आणि 'अटक' या शब्दांच्या सोबतीने येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हाच शब्द सरकारी गोदाम, परवाना, लिलाव आणि महसूल यांच्या संदर्भात लिहिला जात होता. त्याही पूर्वी तो वैद्यकाच्या निघंटूत आणि गोसाव्या-बैराग्यांच्या झोळीत होता.

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थांतराचा मागोवा गोंदिया जिल्ह्याच्या परिसराला केंद्रस्थानी ठेवून घेतला आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा या भूभागाचा इतिहास हा भंडारा जिल्ह्याचा, म्हणजेच १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचा इतिहास आहे. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी या भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. पूर्वेस छत्तीसगढ आणि उत्तरेस मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या सीमा या जिल्ह्याला भिडतात. एकाच शब्दाला सीमेच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे कायदेशीर अर्थ कसे प्राप्त होतात, हे तपासण्यासाठी हा परिसर म्हणूनच उपयुक्त ठरतो.

पिकाचे नाव ते औषधाचे नाव

या वनस्पतीचे भारतीय भाषांतील सर्वात जुने नाव 'भंगा' हे होय. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांचा राजा आहे अशा वनस्पतींमध्ये 'भंग' या नावाचा उल्लेख येतो. ही वनस्पती नेमकी कोणती याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी पाणिनीच्या काळी भंगा हे शेतात पेरले जाणारे पीक होते, यात शंका राहत नाही. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात पिकांवरून शेतांना मिळणाऱ्या नावांचा विचार करताना पाणिनीने तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीत भंगा हिचीही गणना केली आहे. येथे नशेचा संबंध कोठेही सूचित होत नाही. ज्या शेतात भंगा पिकते ते शेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

'गञ्जा' हा शब्द त्या मानाने उशिरा येतो. संस्कृत कोशांत त्याचा एक अर्थ मद्यगृह आणि मद्यपात्र असा आहे, आणि दुसरा अर्थ ही वनस्पती असा आहे. आयुर्वेदाच्या इतिहासाचे अभ्यासक डॉमिनिक वुजास्तिक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले आहे की, या वनस्पतीचा औषध म्हणून निःसंदिग्ध वापर संस्कृत वैद्यकग्रंथांत अकराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथापर्यंत भंगा, गञ्जा, मातुलानी, मादिनी, विजया आणि जया ही सारी नावे पर्यायी म्हणून एकत्र आलेली आढळतात. 'भंगा' आणि 'गञ्जा' यांत भेद करण्याची गरज निघंटुकाराला भासलेली नाही, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. वनस्पती एक आणि तिची नावे अनेक, अशी ही अवस्था आहे.

याच सोळाव्या शतकात, १५६३ मध्ये, गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात 'बांग' या द्रव्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. पश्चिम किनाऱ्यावरील लोकांत हे द्रव्य कोणत्या कारणांसाठी घेतले जाई, याची नोंद युरोपीय वैद्याने प्रत्यक्ष परिसरात राहून केलेली असल्याने तिचे महत्त्व मोठे आहे. या काळापर्यंत हा शब्द औषध, करमणूक आणि भूक यांच्याशी निगडित होता, गुन्ह्याशी नव्हता.

लोकभाषेतील भांग आणि गांजा

मराठी लोकभाषेने मात्र निघंटूंप्रमाणे ही नावे सरमिसळ ठेवली नाहीत. भांग प्यायची आणि गांजा ओढायचा, हा क्रियापदांचा भेद मराठीत पक्का आहे. भांग ही घोटली जाते, दुधात किंवा थंडाईत मिसळली जाते आणि महाशिवरात्र किंवा होळी यांसारख्या प्रसंगी चारचौघांत घेतली जाते. गांजा चिलमीत भरला जातो. पहिल्या शब्दाभोवती सणाचे वलय आहे, तर दुसऱ्याभोवती धुनीचे आणि फिरस्त्या साधूचे.

या भेदाचे नैतिक मूल्यमापनही भाषेने केले आहे. 'भांगेत तुळस' हा मराठीतील प्रसिद्ध वाक्प्रचार वाईट कुळात किंवा वाईट संगतीत निपजलेल्या चांगल्या माणसासाठी वापरला जातो. त्यात भांग ही तुळशीच्या विरोधात उभी असली तरी दोन्ही एकाच जमिनीत शेजारी शेजारी उगवू शकतात, हे गृहीत धरलेले आहे. 'गांजेकस' हे विशेषण त्याहून कठोर आहे. त्यात व्यसनी, निरुद्योगी आणि भरवसा ठेवण्यास अपात्र असा त्रिविध अर्थ सामावलेला आहे. गोंदिया परिसरातील हिंदी बोलणाऱ्यांत त्यासाठी 'गंजेडी' हा शब्द रूढ आहे. असंबद्ध बोलणाऱ्याला 'गांजा ओढून आलास का?' असे विचारले जाते, तेव्हा तर हा शब्द वस्तूपासून सुटून केवळ विसंगत बोलण्याचा वाचक बनतो.

मात्र निंदेच्या या अर्थासोबत भक्तीचा अर्थही विदर्भात टिकून राहिला. शेगावचे संत गजानन महाराज यांचे दासगणू महाराजांनी लिहिलेले 'श्रीगजानन विजय' हे ओवीबद्ध चरित्र विदर्भातील असंख्य घरांत पारायणासाठी वाचले जाते. त्यात काशीहून आलेल्या एका गोसाव्याने गांजा अर्पण करण्याचा नवस बोलल्याची आणि महाराजांनी तो भक्ताच्या इच्छेखातर स्वीकारल्याची कथा आहे. या कथेत 'गांजा' ही नवसाची वस्तू आहे. भक्ताला तो देण्यात संकोच वाटतो, तो लौकिक शिष्टाचारामुळे. कायद्याच्या भीतीमुळे नव्हे. महाराजांचा काळ १८७८ ते १९१० हा असून, त्या काळी गांजा ही परवानाधारक दुकानात मिळणारी वस्तू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेतील शब्दार्थ उलगडतो.

अबकारी खात्याची व्याख्या

'गांजा' या शब्दाला नेमकी, वजनमापात बसणारी व्याख्या मिळाली ती वसाहतकाळात. १८३९ मध्ये कलकत्ता येथील वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी या वनस्पतीच्या औषधी उपयोगांवर निबंध लिहिला आणि हे नाव पाश्चात्य वैद्यकात पोहोचविले. परंतु औषधापेक्षा महसुलाची गरज अधिक प्रभावी ठरली. कर बसवायचा तर कोणत्या मालावर किती, हे ठरविणे भाग होते. आणि त्यासाठी पान, शेंडा आणि राळ यांत काटेकोर भेद करणे आवश्यक होते.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. कमिशनने १,१९३ साक्षीदारांचे जबाब नोंदविले आणि १८९४ मध्ये आपला अहवाल सादर केला. डेव्हिड प्रेन यांच्या १८९३ च्या अहवालाचा आधार घेऊन कमिशनने तीन संज्ञा निश्चित केल्या. वाळविलेली पाने म्हणजे भांग. लागवड केलेल्या मादी झाडाचे, बीजधारणा होऊ न दिल्यामुळे राळेने माखलेले वाळविलेले फुलोरे म्हणजे गांजा. आणि झाडावरून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. अशा रीतीने 'गांजा' हे वनस्पतीचे नाव न राहता वनस्पतीच्या एका अवयवाचे, तेही विशिष्ट पद्धतीने तयार केलेल्या अवयवाचे नाव बनले.

कमिशनचा निष्कर्ष आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटण्याजोगा आहे. या द्रव्यांच्या मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ आढळत नाहीत, अतिसेवन मात्र अपायकारक असते, असे मत त्याने नोंदविले. पूर्ण बंदी घातल्यास धार्मिक भावना दुखावतील आणि लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, या कारणास्तव त्याने बंदीची शिफारस केली नाही. लागवडीवर नियंत्रण, गोदामात साठवण, परवाना आणि पुरेसा कर हे धोरण त्याने सुचविले. या शिफारशीमागे महसुलाचा विचार नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि पुराव्यांच्या विस्ताराच्या दृष्टीने हा अहवाल आजही या विषयावरील मूलभूत दस्तऐवज मानला जातो.

मध्य प्रांत आणि वैनगंगेचे खोरे

मध्य प्रांतात गांजाची परवानगीप्राप्त लागवड निमाड जिल्ह्यापुरती मर्यादित करण्यात आली होती आणि खंडवा हे त्याच्या साठवणुकीचे केंद्र होते. तेथून निघालेला माल प्रांतातील परवानाधारक विक्रेत्यांकडे जाई. भंडारा जिल्हा, आणि त्यात आजचा गोंदिया, हा लागवडीच्या क्षेत्राबाहेर होता. या व्यवस्थेचा शब्दार्थावर झालेला परिणाम दुर्लक्षिता येणार नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात धान हे मुख्य पीक होते आणि मोहाची दारू हे परिचित मादक पेय होते. मोहाचे झाड दाराशी, बांधावर, रानात होते. त्याचे फूल वेचणे हा घरातल्या बायकामुलांचा उद्योग होता. गांजा मात्र बाहेरून येणारी, दुकानात विकत घ्यावयाची, करभरणा झालेली वस्तू होती. निमाडात 'गांजा' हा पिकाचाही शब्द असू शकत होता. भंडाऱ्यात तो प्रामुख्याने दुकानाचा शब्द होता, असे अनुमान यावरून काढता येते.

१९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने ही व्यवस्था एकत्रित केली. १९३० च्या 'डेंजरस ड्रग्ज ॲक्ट'मध्ये 'हेम्प' या संज्ञेखाली भांग, सिद्धी आणि गांजा ही सारी रूपे समाविष्ट झाली. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत 'इंडियन हेम्प' ही संज्ञा आंतरराष्ट्रीय कराराचा विषय बनली होती, त्याची ही पार्श्वभूमी होय. अबकारी कागदपत्रांतील हा देशी शब्द आता जागतिक नियंत्रणाच्या चौकटीत शिरला.

याच सुमारास तो आणखी एका मार्गाने जगभर गेला होता. १८४५ पासून करारबद्ध भारतीय मजूर जमैकात नेले गेले. त्यांच्याबरोबर 'गांजा' हा शब्द तेथील बोलीत रुजला. जमैकाने १९१३ मध्येच त्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. पुढे १९३० च्या दशकात उदयास आलेल्या रास्ताफारी पंथात या शब्दाला पवित्र वनस्पतीचा अर्थ लाभला आणि २०१५ मध्ये जमैकाने अल्प प्रमाणातील बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. गोसाव्याच्या चिलमीतील शब्द समुद्रापार जाऊन दुसऱ्या धर्मभावनेचा वाहक झाला, ही अर्थांतराच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी घटना आहे.

राज्यपुनर्रचना आणि दुभंगलेला अर्थ

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. मुंबई राज्याचे धोरण दारूबंदीचे होते. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) पुढे विदर्भालाही लागू झाला. वाघ नदीच्या पलीकडील बालाघाट मात्र १९१५ च्या अबकारी कायद्याच्याच परंपरेत राहिला. १८६१ पासून एकाच प्रांतात नांदलेल्या दोन शेजारी प्रदेशांत मादक पदार्थांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ झाल्या. एका बाजूला 'अबकारी', म्हणजे महसुलाची भाषा. दुसऱ्या बाजूला 'बंदी', म्हणजे निषेधाची भाषा. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आजही आढळतात. त्यामुळे सीमेवरील नागरिकाच्या शब्दसंग्रहात 'भांग' हा शब्द नदी ओलांडताना आपली छटा बदलतो.

१९६१ च्या एकल करारात 'कॅनॅबिस' या संज्ञेतून शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. या करारानुसार भारताला देशांतर्गत पारंपरिक वापर संपुष्टात आणण्यासाठी मुदत मिळाली होती. ती संपत आली असताना गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. सरकारी दुकानातून विकली जाणारी वस्तू कठोर शिक्षेस पात्र ठरली. 'गांजा' या शब्दाच्या इतिहासातील हे सर्वात तीव्र वळण होय.

आजचा अर्थ आणि त्याची किंमत

१९८५ च्या कायद्यातील गांजाची व्याख्या पाहिली असता १८९४ च्या कमिशनची सावली तिच्यावर स्पष्ट दिसते. कॅनॅबिस वनस्पतीचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांसोबत नसतील तर पाने आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणूनच भांग या केंद्रीय कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली. त्याच व्याख्येत, तो पदार्थ कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी, असेही म्हटले आहे. म्हणजे लोक काय म्हणतात याला कायद्याच्या लेखी महत्त्व नाही. वनस्पतीचा कोणता भाग आहे, याला आहे.

लोकव्यवहारात आणि वृत्तपत्रांत मात्र नेमके उलट घडले आहे. 'गांजाची झाडे', 'गांजाची शेती' असे शब्दप्रयोग सर्रास होतात. ज्या शब्दाने अबकारी खात्याने केवळ फुलोरा दाखविला, तो आता मुळापासून शेंड्यापर्यंत संपूर्ण झाडाचा वाचक झाला आहे. सामान्य वाचकाला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्यावर एखाद्या माणसाच्या आयुष्याची अनेक वर्षे अवलंबून असू शकतात. २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाच्या बाबतीत १ किलोग्रॅम ही अल्प मात्रा आणि २० किलोग्रॅम ही व्यापारी मात्रा ठरते. अल्प मात्रेसाठी कमाल १ वर्ष, तर व्यापारी मात्रेसाठी किमान १० आणि कमाल २० वर्षे कारावासाची तरतूद आहे. व्यापारी मात्रेच्या प्रकरणात जामीन मिळणेही अत्यंत दुष्कर असते. जप्त मालात पाने, देठ आणि बिया यांचे वजन फुलोऱ्यांसह एकत्र धरले गेले, तर मात्रेचा वर्गच बदलू शकतो. मुंबई उच्च न्यायालयासह देशातील अनेक न्यायालयांपुढे हा मुद्दा वारंवार आला आहे. कोणत्याही कॅनॅबिस झाडाची विनापरवाना लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहेच. परंतु 'झाड' आणि 'गांजा' हे कायद्यात दोन शब्द आहेत, आणि बोलण्यात ते एक झाले आहेत.

गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील महत्त्वाचे जंक्शन आहे. ओडिशाच्या डोंगराळ भागातील बेकायदेशीर लागवडीतून निघणारा माल ज्या मार्गांनी पश्चिमेकडे जातो, त्यांपैकी हा एक मार्ग असल्याने रेल्वे पोलिसांच्या कारवाईच्या बातम्या येथील वृत्तपत्रांत येत असतात. इतिहासाच्या दृष्टीने पाहता यात एक सातत्य आढळते. वसाहतकाळात या परिसरात गांजा पश्चिमेकडील खंडव्याहून, मोहोरबंद आणि करपात्र होऊन येत होता. आज तो पूर्वेकडून, लपविलेल्या अवस्थेत येतो. दोन्ही काळांत तो या मातीतील पीक म्हणून नव्हे, तर बाहेरून आलेला माल म्हणूनच येथे ओळखला गेला.

अलीकडे या शब्दकुळात आणखी एका शब्दाची भर पडली आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक उपयोगासाठी अल्प मादकता असलेल्या वाणांच्या लागवडीला परवानगी दिली. २०२१ मध्ये या वनस्पतीच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनॅबिसला १९६१ च्या करारातील सर्वात कठोर अनुसूचीतून वगळले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. या नव्या व्यवहारात 'गांजा' हा शब्द कटाक्षाने टाळला जातो आणि 'हेम्प' हा शब्द वापरला जातो. विशेष असे की, इंग्रजीत ताग आणि अंबाडी यांनाही 'हेम्प' म्हणण्याची पद्धत वसाहतकाळापासून आहे. त्यामुळे हा शब्द धाग्याची आणि शेतीची आठवण करून देतो. पाणिनीच्या काळी 'भंगा' ज्या अर्थाने शेताचे नाव होती, त्या अर्थाकडे ही वनस्पती परकी संज्ञा घेऊन परतत आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, 'गांजा' या शब्दाचा अर्थ वनस्पतीच्या गुणधर्मांमुळे नव्हे, तर तिच्यावर अधिकार सांगणाऱ्या व्यवस्थेमुळे बदलत गेला. वैद्याने तिला औषध म्हटले, भक्ताने नवस, अबकारी खात्याने माल आणि १९८५ च्या कायद्याने गुन्हा. दुसरा, भांग आणि गांजा यांतील मराठी लोकभाषेने केलेला पिण्याचा व ओढण्याचा भेद आणि कायद्याने केलेला पानाचा व फुलोऱ्याचा भेद परस्परांशी बहुतांशी जुळतात. परंतु वृत्तपत्रीय भाषेने दुसरा भेद पुसट केला आहे. तिसरा, गोंदियासारख्या सीमावर्ती जिल्ह्यात प्रशासकीय पुनर्रचनेने केवळ नकाशा बदलला नाही, तर शब्दांचे कायदेशीर वजनही बदलले.

नशेच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे हे वास्तव आहे आणि शब्दाच्या इतिहासाचा अभ्यास त्याकडे डोळेझाक करण्यासाठी नाही. परंतु ज्या शब्दाच्या व्याख्येवर एक वर्ष आणि वीस वर्षे यांतील अंतर ठरते, तो शब्द पंचनामा लिहिणाऱ्याने, बातमी देणाऱ्याने आणि शिकविणाऱ्याने काटेकोरपणे वापरला पाहिजे. पान, फुलोरा आणि झाड यांना मराठीत तीन वेगळे शब्द आहेत. त्या तिघांसाठी एकच शब्द वापरण्याची सवय सोडणे, हे भाषेच्या आणि न्यायाच्या दोन्ही दृष्टींनी आवश्यक आहे.